जळालं की जाळलं?

उस्मानपुऱ्यात एका किराणा दुकानाच्या वर आमचा वर्ग भरतो. लहानपणी शाळा सुटलेल्या बायका दुपारी दोन ते चार तिथं दहावीचा अभ्यास करतात. मी त्यांना मराठी शिकवते.

पुतळाबाई त्यांच्यात सगळ्यात मोठ्या, बेचाळीस वर्षांच्या. माहेरी मेंढरं होती, त्यांच्यामागं फिरण्यात चौथीतच शाळा सुटली. आता क्रांती चौकाजवळच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. व्याकरणाचं पान निघालं की त्या वही मिटायच्या. "कर्ता, कर्म... लई डोकं उठतं, म्याडम. त्याच्याबिगर पास व्हता येत नाय का?"

जानेवारीत मी सरावासाठी एक उतारा दिला. रत्नमाला नावाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं पत्र येतं. थोरला भाऊ ते पेटीत जपून ठेवतो. निघायच्या आदल्या दिवशी ती पत्र मागते, तेव्हा भाऊ खाली बघत म्हणतो, "पत्र जळालं." ती काहीच बोलत नाही. खाली प्रश्न होता, भावाच्या मनात काय चाललं असेल? तयार उत्तर होतं, 'भावाला वाईट वाटते.' मीही तीन वर्षं तेच सांगत आले होते.

"'पत्र जळालं' यात कर्ता कोण?" मी जाता जाता विचारलं.

"पत्र," एकोणीस वर्षांची शालू पटकन म्हणाली.

पुतळाबाईंनी मान वर केली. "पत्राला काय हात हायत? आन् ह्या वाक्यात भाऊ कुठंय?"

"नाही ना. त्याला वाक्यात आणायचं तर काय म्हणाल?"

"मी पत्र जाळलं." बोलल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या एकदम उभ्या राहिल्या. "म्याडम! लपलाय त्यो! जळालं म्हनून वाक्याच्या बाहीर लपून बसलाय!"

मी 'जळालं' आणि 'जाळलं' फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं.

शालूला पटेना. "कशावरून, मावशी? चुलीपाशी ठेवलं असंल, जळालं असंल आपोआप."

"उताऱ्यात शोधा," मी म्हणाले. "मनातलं सांगायचं नाही. ओळ दाखवायची."

बारा जणी कागदावर वाकल्या. कुणी बोट फिरवत वाचू लागलं, कुणी पुटपुटत. पुतळाबाईंच्या बोटाला अजून पीठ लागलेलं होतं. ते तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"हितं बगा! 'पेटीला कुलूप होते आणि किल्ली भावाच्या करगोट्याला.' "

"थांबा, थांबा!" शालू आता स्वतःच ओरडली. "पुढं लिव्हलंय, त्याच पेटीत आईचं लुगडं हाये, घडी न मोडलेलं. मग लुगडं कसं नाय जळालं?"

सगळ्या एकाच वेळी बोलायला लागल्या. खालचा दुकानदार जिना चढून अर्ध्यात आला, काय झालं म्हणून. मीच त्याला म्हणाले, "काही नाही हो, चोर सापडला!"

"पण जाळलंच, तर तसं सांगायला काय झालं त्याला?" शालूनं विचारलं.

"लाज वाटती ना," पुतळाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हनून तर खाली बघतोय. बहिनीला बी कळलंय. म्हनून ती गप हाये."

छापील उत्तरावर मी तिथंच काट मारली आणि पुतळाबाईंचं 'लाज वाटती' हे उत्तर फळ्यावर लिहिलं. सगळ्याजणींनी ते उतरवून घेतलं.

चार वाजून गेले होते. वसतिगृहातून फोन आला. "येतेच, तवर भाजी चिरा," असं सांगून पुतळाबाईंनी तो बंद केला आणि हात पुढं केला. "आजून एक उतारा द्या, म्याडम."

त्या आठवड्यात वसतिगृहातल्या मुलींची काही खैर नव्हती. एकीनं "काकू, ग्लास फुटला" म्हटलं की लगेच विचारणा, "फुटला का फोडला?"

निकालात पुतळाबाईंना मराठीत एकसष्ट मिळाले. आता त्या अकरावीचा अर्ज भरतायत.