एकशे एकेचाळिसावे पाकीट

मित्रांनो, मी टपालकचेरीतला एक जुना हातशिक्का आहे. लाकडी मुठीचा, पोलादी तोंडाचा. सध्या काचेच्या कपाटात मखमलीवर बसलेला असतो, पण या मखमलीत माझा जीव रमत नाही. माझे सारे आयुष्य शाईच्या गादीवर आणि पाकिटांच्या कोपऱ्यांवर गेले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या गोल कडेवर 'टॅमरॅक बेंड, मिनेसोटा' अशी अक्षरे कोरली आणि मधोमध तीन खाचा रिकाम्या ठेवल्या. महिना, दिवस आणि वर्ष यांचे सुटे छपाईचे खिळे त्या खाचांत रोज सकाळी बसवायचे असत. ते काम हिल्मा सोर्ली करीत असे. ती आमच्या गावची पोस्टमास्तर. कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी ती चिमट्याने कालचा खिळा काढी, आजचा बसवी, टीपकागदावर एक ठसा उमटवी आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघे. एकतीस वर्षांत तिने माझी तारीख एकदाही चुकवली नाही. तिच्यासारखी मालकीण मिळणे हे माझे भाग्यच म्हणायचे.

मग शहरात शिक्के मारणारे मोठे यंत्र आले. गावची पत्रे पोत्यांत भरून तिकडे जाऊ लागली आणि मी दिवस दिवस खणात पडून राहू लागलो. त्या काळात मला लग्नाच्या निमंत्रणांनी तारले. जाड कागद, रेशमी फीत, वर लाखेची मोहोर, असली नखरेल पाकिटे यंत्रात गेली की त्यांचा पार चुरा होई. म्हणून शहरात नोकरीला गेलेल्या मुलीसुद्धा आपली निमंत्रणे घेऊन हिल्माकडे येत.

"शिक्का हातानंच माराल ना?" असे त्या काकुळतीने विचारत.

"पायानं मारायची वेळ अजून आली नाही, पोरी," हिल्मा म्हणे.

मग ती त्यांना हौसेने एखाददुसरा ठसा स्वतः उमटवू देई. बाकीचे सगळे ती मारी, एक एक नाव वाचत. कोणाला बोलावले आणि कोणाला वगळले, हे तिच्याइतके गावात कोणालाच ठाऊक नसे. पण पाकिटावर वाचलेले तिच्या ओठांबाहेर कधी पडले नाही.

एका मे महिन्यात आर्डिस ट्वेट आपल्या मुलीची, बेरिटची, निमंत्रणे घेऊन आली. बुटांच्या दोन खोक्यांत, तिच्या हिशेबाने, एकशे चाळीस पाकिटे होती, आणि वर हिल्मासाठी रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचे ताट. बेरिट मिनियापोलिसला नर्स होती. तिला सुटी नव्हती, म्हणून तिने खोक्यांत भरून पाठवलेल्या पाकिटांवर पत्ते सगळे आर्डिसने आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते.

ती एक एक पाकीट पुढे सरकवी आणि हिल्मा मला गादीवर टेकवून त्यावर दाबी. ठसे मोठे सुबक उठत होते. मी अगदी खुशीत होतो. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी आणखी एक पाकीट निघाले. त्यावरचे अक्षर तिरके होते, बेरिटचे. नाव होते ऑर्लिन ट्रोएन.

ऑर्लिन हा आर्डिसचा सख्खा भाऊ. वडील गेल्यावर त्याने तळ्याकाठचे त्यांचे छोटे घर बहिणीला न विचारता विकून टाकले. तेव्हापासून अकरा वर्षे दोघांत बोलणे नव्हते. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे कसे धरायचे ते बेरिटला शिकवले होते मात्र याच मामाने.

हिल्माने मला उचलले होते. आर्डिसने झटकन पाकिटावर पालथा हात ठेवला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"ते दिसतंय मला," हिल्मा म्हणाली.

"कार्टीनं गुपचूप घुसडलंय. मला परत दे."

"मी कशाला देऊ? शिक्का पडलेला नाही, म्हणजे ते अजून तुझंच आहे. एकदा पडला की मग परत घ्यायला अर्ज, ओळखपत्र, शंभर भानगडी. काय ते ठरव, माझा हात अवघडलाय."

मित्रांनो, त्या वेळी मी त्या पाकिटापासून वीतभर अंतरावर होतो. माझ्या तोंडावर ओली शाई होती. मला खाली पडावेसे फार वाटले. पण शिक्क्याला स्वतःचा हात नसतो. आर्डिसने पाकीट पर्समध्ये टाकले आणि ती निघून गेली. वड्यांचे ताट रिकामे करून परत न्यायचेही तिला भान राहिले नाही.

चार दिवसांत ती निमंत्रणे ज्याच्या त्याच्या पेटीत पोहोचली. आमच्याकडे पत्रे घ्यायला माणसे कचेरीतच येतात. प्रत्येकाची भिंतीत पेटी आणि खिशात किल्ली. त्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता जो तो तिथेच उभा राहून पाकीट फोडत होता. ऑर्लिनने सत्तेचाळीस नंबरची पेटी उघडली, तर आत बियाण्यांची जाहिरात होती.

शेजारचा म्हातारा मेल्विन बर्ग त्याला म्हणाला, "काय रे ऑर्लिन, भाचीच्या लग्नात नवा सूट, की अंत्ययात्रांना घालतोस तोच?"

"बघू," एवढेच म्हणून ऑर्लिनने जाहिरात घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून तो भर दुपारी, कचेरी रिकामी असताना येऊ लागला. हिल्माला सगळे माहीत होते आणि तिला काही बोलता येत नव्हते. पेटी बंद करून तो गेला की ती मला उगाचच टीपकागदावर जोराने आपटी. मला लागे, पण मी तिच्यावर कधी रागावलो नाही.

तीन आठवड्यांनी, सहा जूनला, आर्डिस दुपारी आली. तिने पर्समधून ते पाकीट काढले. त्याचे कोपरे मुडपले होते.

"बेरिट रोज फोन करते, हिल्मा. मामाचं उत्तर आलं का म्हणून विचारते. मी रोज तिच्याशी खोटं बोलतेय." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "यावर मेची तारीख मार. बाकीच्यांवर होती ती. तो आधी शिक्का वाचतो आणि मग पाकीट उघडतो. बाबांचीच सवय आहे ती."

हिल्माने चिमटा उचलला. दोन खिळे बदलायचा अवकाश होता. त्या कचेरीत पाहायला कोणी नव्हते.

तिने चिमटा परत खणात टाकला.

"नाही गं, आर्डिस. याला उशीर टपालानं केलेला नाही. मग ते टपालाच्या माथी का मारायचं?"

आर्डिसने हात पुढे केला. "मग मीच मारते."

हिल्माने मला तिच्या हातात दिले. आर्डिसने माझी मूठ तिरपी धरली. तिने मला दाबले आणि मी घसरलो. माझी अर्धी कड फराटा होऊन उमटली. इतका भिकार ठसा मी उभ्या जन्मात मारला नव्हता.

हिल्माने मागच्या बाजूने पाकीट सत्तेचाळीस नंबरमध्ये सरकवले. आर्डिस घरी गेली नाही. ती खिडकीपाशी उभी राहिली.

ऑर्लिन आला. बहिणीला पाहून थबकला. त्याने पेटी उघडली, पाकीट बाहेर काढले, उजेडाकडे धरले आणि शिक्का वाचला.

"सहा जून," तो म्हणाला. "म्हणजे आजच की."

"मी तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरत होते," आर्डिस म्हणाली. "उशीर माझ्यामुळं झाला."

ऑर्लिनने टोपी काढली. "अकरा वर्षं झाली, आर्डी. तीन आठवड्यांचं काय घेऊन बसलीस!"

आर्डिस तिथेच रडू लागली. हिल्मा पाठ फिरवून नसलेली पत्रे लावत बसली. ऑर्लिन लग्नाला गेला, आणि सूट अंत्ययात्रेतलाच होता हे मेल्विनने गावभर सांगितले.

पुढे हिल्मा निवृत्त झाली. जुन्या शाळेत गावाने छोटे संग्रहालय उघडले, तिथे मला आणून ठेवले. सहा वर्षांनी ऑर्लिन वारला. ते पाकीट त्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेले सापडले. आर्डिसने ते आणून माझ्या शेजारी ठेवायला दिले.

मित्रांनो, माझे हजारो सुबक ठसे जगभर गेले, आणि माझ्या नावाने इथे मांडला आहे तो हा घसरलेला. परवा एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "ई, केवढा घाण ठसा!" मला मुळीच राग आला नाही. तारीख त्यात स्वच्छ वाचता येते.

माझी धूळ पुसा, मुठीला अधूनमधून तेल लावा, पण अक्षरांत वाळलेली शाई तेवढी खरवडू नका. आणि तुमच्या घरी असे एखादे पाकीट कोणाच्या पर्समध्ये मुडपून पडले असेल, तर ते बाहेर काढा. आजचीच तारीख घालून पाठवून द्या. ठसा थोडा घसरला तरी चालतो.