आंतोनने शिकवलेली फेक

१९०६च्या सप्टेंबरात कॉलेज उघडलं, तेव्हा फुटबॉलच्या संघात तेराच जण उरले होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या टेकडीवरचं ते लहानसं कॉलेज; तरी आदल्या वर्षी सव्वीस जण खेळायचे. मग आंतोन कुबिचेकचा पाय मोडला आणि घरोघरच्या आयांनी पोरांना मैदानाकडे फिरकायची बंदी केली.

त्या दिवसाबद्दल कॅप्टन हाल्वर ब्रेकेला कुणी काही विचारत नसे. त्याच्या डोक्यातून मात्र तो जात नसे. लांबट चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, असा तो खेळ. घुसायची पाळी हाल्वरची होती. ऐनवेळी त्याचं अवसान गळालं आणि त्याने चेंडू शेजारच्या आंतोनच्या हातात कोंबला. दहा-बारा जण आंतोनवर कोसळले. सगळे उठले, आंतोन उठला नाही.

यंदाचे पहिले तीनही सामने ते हरले, तेही एकही गुण न मिळवता. चौथ्याच्या सरावाला काठी टेकत आंतोन आला आणि कुंपणावर बसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"काय रे, बैलांसारखी डोकीच आपटत राहणार का?" तो ओरडला. "यंदाचा नवा नियम वाचलात? चेंडू पुढे फेकता येतो आता."

"वाचलाय मी," प्रोफेसर टिलट्सन म्हणाले. ते शिकवायचे रसायनशास्त्र. दुसरं कुणी तयार नाही म्हणून संघ त्यांच्या गळ्यात पडला होता. "पण फेकायचा कसा, ते पुस्तकात कुठाय?"

"मी दाखवतो, सर. उन्हाळाभर घरी बसून दुसरं केलंय काय? कोठाराच्या दारावर चेंडू फेकत होतो."

त्याने चेंडू मागून घेतला आणि बसल्या जागेवरून हात मागे नेला. चेंडू गरगरत सरळ गेला आणि तीस पावलांवर उभ्या असलेल्या संघातल्या सायलसच्या छातीवर आदळला. सायलस धाडकन खाली बसला. सगळे हसले. हाल्वर तेवढा हसला नाही.

हाल्वरची पहिली फेक त्याच्याच माणसाच्या पाठीत बसली.

"भोपळा ढकलतोयस का, लेका?" आंतोन म्हणाला. "शिवणीवर बोटं ठेव. सोडताना मनगट फिरव."

बाकीचे पाणी प्यायला गेले. हाल्वर कुंपणापाशी घुटमळला.

"आंतोन, त्या दिवशी..."

"तू घाबरला होतास. दिसलं मला."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तू येऊन बोलशील म्हणून थांबलो होतो. फार राग होता तुझा. शेवटी वाट पाहून मीच आलो."

"चुकलो रे मी."

"हं," आंतोन म्हणाला. त्याने काठी मैदानाकडे केली. "जा आता, दहा वेळा फेक. डावीकडे झुकू नकोस."

चौथा सामनाही ते हरले, पण पाच गुण मिळवून. पाचवा बरोबरीत सुटला. नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी शेवटचा सामना होता, नदीपलीकडच्या मोठ्या कॉलेजशी. त्यांचा एकेक गडी दाराएवढा. "पाळण्यातली पोरं आणलीत का रे?" असं ते मैदानात उतरतानाच म्हणाले.

दोन-चार मिनिटं उरली तरी दोघांचे गुण शून्यच होते. हाल्वरने चेंडू घेतला. समोरची भिंत त्याच्यावर धावून आली. अगदी गेल्या वर्षीसारखी. या वेळी तो हलला नाही. मनगट फिरवून त्याने चेंडू सोडला आणि त्याच क्षणी तीन जणांखाली गाडला गेला. पुढचं त्याला दिसलंच नाही. चिखलात तोंड असताना फक्त आरडाओरडा ऐकू आला. चेंडू झेलून सायलस मोकळ्या मैदानातून थेट पलीकडच्या टोकाच्या रेषेपार गेला होता. पाच-शून्य!

टोप्या उडाल्या. टिलट्सन सर चक्क चिखलात नाचले.

गर्दी पांगल्यावर समोरच्या संघाचा कॅप्टन आला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. "असं फेकायला कुणी शिकवलं तुला?"

"कशाला सांगू?" हाल्वर गुरकावला. "पुढच्या वर्षी आम्हालाच हरवशील."

"मी शिकवलं," मागून आंतोन म्हणाला. "दे रे, हाल्वर, तो चेंडू त्याला. फेकता आलं, तर त्यांच्यातही कुणाचा पाय मोडणार नाही."

हाल्वरने क्षणभर चेंडू पोटाशी धरला, मग दिला.

त्या धिप्पाड गड्याची फेक थेट झुडपात गेली.

"चांगली आहे," आंतोन हसत म्हणाला. "आमच्या कॅप्टनची याहून वाईट होती."

"आण तो चेंडू," झुडपाकडे निघालेल्या त्या गड्याला हाल्वर म्हणाला, "आणि इकडे ये. बोटं कुठे ठेवायची ते दाखवतो."