चाचणीत गाडी कोण चालवतं

कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवून आठवडा झाला होता, आणि तेवढ्या वेळात वेंडेल हाल्वोर्सनने गाड्यांच्या शर्यतीच्या खेळातली, कार्डाचा वेग मोजणारी चाचणी अकरा वेळा लावून पाहिली होती. दर वेळी पडद्यावर जुन्या कार्डाच्या दुपटीहून जास्त गुण. आणि दर वेळी तो स्वतः शर्यतीला बसला, की धरणाअलीकडच्या वळणावर गाडी कठड्यावर आदळायचीच.

"अजून अडकतंय," तो म्हणाला.

रविवारची दुपार होती. त्याचा मित्र मर्ल चर्चमधून थेट इकडेच आला होता. तो शाळेची बस चालवायचा आणि उरल्या वेळात डुलुथ शहरातल्या निम्म्या ओळखीच्यांचे कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. हे कार्डही त्यानेच बसवलेलं.

"अडकतंय म्हणजे नेमकं काय होतं?"

"मी स्टिअरिंग वळवतो, गाडी जरा थांबून वळते. क्षणभरच. पण तेवढ्यात जायचं ते जातं."

"गड्या, या कार्डावर उशीर होत असेल ना, तर मी उद्यापासून बसला घोडे जुंपतो."

वेंडेलची बायको लॉरेल कॉफी ठेवता ठेवता हसली. वेंडेल नाही हसला. गेले चार महिने तो तिला हेच सांगत आला होता, की कार्ड जुनं झालंय, नवं आणलं की सगळं सरळ होईल. कारण दोष कार्डाचा नसला, तर मग उरत होता त्याचा उजवा हात. त्या हाताने तो एकवीस वर्षं गोदीतली क्रेन चालवत होता. हिवाळ्यात दुरुस्तीला लागलेल्या जहाजांवर वीस वीस टनांचे जाड पोलादी पत्रे उतरवायचे, आणि पत्रा जिथे टेकणार तिथे माणसं उभी.

"चाचणी लाव बघू," मर्ल म्हणाला.

वेंडेलने लावली. पडद्यावरची निळी गाडी घाटातून सुटली. धरणाअलीकडचं वळण तिने असं घेतलं, की बघणाऱ्याचं मन निवावं. गुण पुन्हा तेच.

"आता तू बस."

वेंडेल बसला. पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला कठडा.

"उठ, मला बघू दे." मर्लला खेळात गती नव्हती; शर्यतीत तो नेहमी शेवटचा. कॉफीचा घोट तोंडात तसाच ठेवून तो धडपडत, रस्त्याकडेची दोन झाडं पाडत खेळला. पण त्या वळणावर त्याने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली. त्याच क्षणी.

कीर्तनात एखाद्याचा टाळ अर्धी मात्रा मागे पडला, तर ते त्याचं त्याला कळत नाही; शेजारी उभ्या असलेल्याला आधी कळतं, आणि त्याला ते सांगवत नाही. मर्लचं तसंच झालं. त्याने स्टिअरिंगची वायर उगाच हलवून पाहिली.

"हिच्यात काहीतरी असेल. माझ्याकडे दुसरी पडलीय, आणून देतो."

"मर्ल."

"नाहीतर सेटिंग बघू. कधी कधी—"

"मर्ल, चाचणीत गाडी कोण चालवतं?"

मर्लने कप खाली ठेवला. "कोणीच नाही. तिचा रस्ता आधीच आखून ठेवलेला असतो."

"म्हणून तिथे उशीर होत नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. लॉरेल दाराशी येऊन उभी राहिली, ओले हात तसेच.

"शर्टाची बटणं लावताना तुला वेळ लागतो," ती हळूच म्हणाली. "थँक्सगिव्हिंगच्या सणापासून. मी म्हटलं, थंडी आहे."

"मला का नाही बोललीस?"

"तू कार्डाचं म्हणत होतास ना. मलाही ते खरं असावं असं वाटत होतं."

मर्ल उठला. वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देव आपला हात सोडत नाही, बाबा. डॉक्टरकडे मी येतो सोबत. बसमधून नेतो, लाल दिवे लावून, म्हणजे सगळ्या गाड्या थांबतील." आणि तो कोट शोधायच्या निमित्ताने बाहेर गेला.

वेंडेलने पडदा बंद केला. मग त्याने मुकादमाला फोन लावला.

"गॉर्डन, उद्या मला क्रेनवर चढवू नकोस."

"का रे, बरं नाही?"

"हात उशीर करतोय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "किती दिवसांची रजा लिहू?"

"दिवस नको लिहूस," वेंडेल म्हणाला. "माझ्या जागी दुसरा बघ."

त्याने फोन ठेवल्यावर लॉरेल खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि तिने आपला हात त्याच्या मांडीवर उघडा ठेवला. त्याने तो धरला. बोटं मिटायला जरा वेळ लागला. तोवर तिने हात हलवला नाही.