गाडी चालू ठेवून मला बघा

थांबा, बॉनेट पाडू नका! इंजिनाच्या तेलाची पट्टी बघितलीत ना? तिच्यामागची, अंगाने लांब आणि तोंडाने फटकळ, ती मी. गिअरबॉक्सच्या तेलात बुडून बसते. माझ्या टोकाला दोन खुणा आहेत. तेल त्यांच्यामध्ये दिसलं की गाडी खूश.

आमची गाडी जुनी ऑटोमॅटिक. पहिल्या साहेबांनी मला कधी हातसुद्धा लावला नाही. मग पाचूबंदरच्या फर्डिनंडने ती बायकोसाठी, पॉलिनसाठी घेतली. बोटीवरून उतरताना तिचा डावा पाय मोडला होता, तो काही धड जुळला नाही. क्लच दाबणं जमेना. या गाडीत डाव्या पायाला कामच नाही! मागे मासळीच्या पाट्या टाकून बाई एकटी माणिकपूरच्या बाजाराला जाऊ लागली. 'सोडता का हो' म्हणून कुणाच्या दारात उभं राहणं संपलं. काय तोरा होता तिचा! मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

फर्डिनंड काळजीवाला माणूस. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून आला की मला काढून पुसायचा. पण बोटीचं इंजिन बंद करून तेल बघायची त्याची जन्माची सवय, मलाही तसंच बघायचा. अहो, गाडी बंद केली की वरचं तेल खाली उतरतं. मी भरलेलीच दिसणार!

"फुल हाय," म्हणत तो मला परत खोचायचा. मी आत बोंबलायचे, पण पट्टीचं ऐकतो कोण?

खालून तेल गळत राहिलं. चढावर गाडी नुसती गुरगुरायची, पुढे सरकायची नाही.

"गिअरबॉक्स गेला. उद्या भंगारवाला येतो," फर्डिनंड म्हणाला.

पॉलिन त्याच दिवशी शेवटचा बाजार करून आली, तर अंगणात तिला गाडी बंद करवेना. गिअरचा दांडा 'पी'वर, पार्किंगवर टाकून तशीच उतरली, बॉनेट उघडलं, मला पुसलं, पुन्हा बुडवून काढलं. टोक जेमतेम ओलं!

"अवो, इकडं या! तेल कुठंय?"

"आदी बंद कर. चालू इंजिनात कोन बघतं?"

"मंग मी काय बंद गाडी चालवते?"

फर्डिनंडने मला हातात घेऊन माझं टोक नाकाशी धरलं. तेलाला जळका वास नव्हता, देवाची कृपा. गळती बुजवून, थोडं थोडं तेल ओतत, दर वेळी मला विचारत त्याने खूण गाठली. सकाळी भंगारवाला आला, तेव्हा पॉलिन पाट्या भरून कधीच निघून गेली होती. फर्डिनंडने त्याला चहा पाजून परत धाडलं.

आता म्हातारी झालेय मी, खुणाही पुसट झाल्यात. एवढंच सांगते: मला विचारायचं तर गाडी गरम असू द्या, चालू असू द्या. मग मी खोटं बोलत नाही.

परवाच्या रविवारी फर्डिनंडने बॉनेट उघडलं, फडकं खांद्यावर टाकलं, माझ्यापर्यंत आलेला हात मागे घेतला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "पॉलिन, चालू कर गो!"