पाटावर बसलेले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, संगणकाची सी भाषा शिकवणारे. माझी पाने अजून करकरीत आहेत. लोक त्याचे कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

१९९३ साली मी दिल्लीहून झाशीला आले. छपाई परदेशी, त्यामुळे किंमत अशी की रेल्वेच्या गार्डाने महिन्याच्या किराण्यावर पाणी सोडावे. म्हणून ओरछा गेटजवळच्या वीस मराठी घरांनी वर्गणी काढून मला आपल्या छोट्या वाचनालयात आणले.

सेक्रेटरी गोविंदराव सज्जन माणूस. त्यांनी मला प्लॅस्टिकचे कव्हर घातले, कपाटात ठेवले आणि किल्ली जानव्याला बांधली. मला घरी न्यायला बंदी. रविवारी सकाळी तिथेच बसून वाचायचे. पाहुणे आले की मला दाखवत आणि मीही फुशारून जाई.

माझी खरी गरज होती वसुंधरेला, गार्ड रामकृष्णांच्या मुलीला. तिला संगणकाच्या प्रशिक्षणासाठी निवड परीक्षा द्यायची होती. दर रविवारी ती मला वहीत उतरवून घेई. शेवटचे तीन धडे राहिले, तेव्हा परीक्षेला नऊच दिवस होते.

"काका, हफ्ताभर घरी नेऊ द्या ना. बाबांनीपण वर्गणी दिली आहे."

"बेटा, महागाची चीज आहे. हरवली तर वीस घरांना काय तोंड दाखवू? पुढच्या रविवारी ये की."

तो रविवार नेमका दसऱ्याचा. मला पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून सरस्वती म्हणून पुजले होते. पूजेतले पुस्तक त्या दिवशी वाचायचे नसते. वसुंधरा वही घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आज कसं उघडायचं, बेटा?" गोविंदराव चाचरत म्हणाले. "नमस्कार कर. देवी पावेल."

ती माझ्या पाया पडली. जिने मला वाचायचे, ती हात जोडून उभी आणि मी फुलांखाली गप्प! धरणीने पोटात घ्यावे असे वाटले.

मंगळवारच्या परीक्षेत त्याच तीन धड्यांवर प्रश्न आले. वसुंधरेची निवड थोडक्यात हुकली. निकाल कळताच गोविंदराव मला घेऊन तिच्या क्वार्टरवर गेले. त्यांना मान वर करवत नव्हती.

"ठेव पोरी, हवं तितके दिवस ठेव."

वसुंधरेने मला हातात घेतले, कव्हरवरची धूळ पुसली आणि परत दिले.

"राहू द्या, काका. आता दुसऱ्या कुणाला द्या. पण टाइमावर द्या."

गोविंदरावांनी कपाटाला पुन्हा कुलूप लावले नाही. पण लवकरच नवी आवृत्ती निघाली आणि मला कुणी विचारेनासे झाले.

मित्रांनो, महागाची पुस्तके जरूर जपा, पण कपाटासाठी जपू नका. माझ्यावर चहा सांडला असता, पाने सुटली असती, कव्हर फाटले असते, तरी काय बिघडले असते? एक मुलगी पास झाली असती.