व्हीलचेअरवरून तीन तळी

मला चालता येतं, ही गोष्ट अल ऐनमध्ये फक्त मला ठाऊक होती.

सगळा घोळ ताजबीने केला. ताजबी माझी शेजारीण. जयगडच्या खाडीकाठी आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. ती दोनदा दुबईला जाऊन आलेली, त्यामुळे जगातल्या सगळ्या विमानतळांवर तिचं मत चालतं. "गुडघे दुखतात म्हणायचं आणि व्हीलचेअर मागायची," ती म्हणाली. "रांग नाही, फॉर्म नाही, हरवायची भीती नाही." मला इंग्रजी वाचता येत नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी वाट चुकले तर विचारणार कोणाला, म्हणून मी खुर्ची मागितली. एका नेपाळी माणसाने मला थाटात बसवून सगळ्यांच्या पुढून बाहेर नेलं.

बाहेर अबरार उभा होता. माझा एकुलता एक मुलगा, दुबईपलीकडच्या अल ऐन शहरात राहणारा, तीन वर्षांनी भेटत होता, आणि मला खुर्चीत बघून तो चक्क रडायला लागला. आता रडणाऱ्या माणसाला हे रांग चुकवायला आहे म्हणून कसं सांगायचं? मी एक सुस्कारा सोडला आणि गुडघ्यावर हात ठेवला. चूक तिथे झाली.

पहिले चार दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. सून फिझा पलंगावर चहा आणून द्यायची. नातीने, झाराने, मला रिमोट शिकवला. पाचव्या दिवशी अबरार औषधांच्या दुकानातून व्हीलचेअर घेऊन आला, सहाव्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेला. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्याचा फोटो काढला की त्यात काहीतरी निघतंच. ते निघालं, आणि अबरारने निकाल लावला.

अबरार एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांना पडू न देण्याचा त्याला पगार मिळतो आणि घरी तो तेच काम फुकट करतो. "अम्मी, तिकडे एकटीने राहणं हाय रिस्क आहे," तो म्हणाला. "तू आता इथेच राहणार, खलास. घर भाड्याने देऊ." त्याने भाडेकरूही शोधला, शाळेतले एक मास्तर आणि त्यांची बायको. माझा दीर वली रविवारी त्यांच्या हातात किल्ली देणार होता.

माझं घर. ज्याच्या मागच्या दाराने मी चाळीस वर्षं ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढली, ते घर. सगळे बाहेर गेले की मी हॉल ते स्वयंपाकघर अशा चाळीस फेऱ्या मारायची आणि प्रत्येक फेरीला ठरवायची, आज सांगते. संध्याकाळी अबरार यायचा, माझ्या पायाखाली उशी सरकवायचा, आणि मी पाय लांब करून बसायची. असं करत शनिवार उजाडला. माझ्याकडे एक दिवस उरला होता.

त्या शनिवारी झाराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तळी बघायला निघालो. शहराबाहेर वाळवंटात तीन तळी आहेत. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिकडे सोडतात, ते साठून तळी झाली, असं अबरारने गाडीत सांगितलं. आमच्याकडे पाणी आधी असतं, मग माणसं राहायला येतात. इथे माणसं आधी आली आणि पाणी त्यांच्या मागून आलं. पक्ष्यांना त्याचं काही नव्हतं. पहिल्या तळ्यावर कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी पाखरं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. झारा वहीत आकडे लिहीत होती आणि अबरार माझी खुर्ची ढकलत होता.

"दादी, कम्फर्टेबल?" झाराने विचारलं.

"खूप," मी म्हटलं. वाटेवरच्या प्रत्येक खड्यागणिक माझं कंबरडं मोडत होतं. पायी गेले असते तर एव्हाना तळ्याला वळसा घालून आले असते.

दुसरं तळं उथळ होतं. काठाने माणसाच्या उंचीचे बोरू माजले होते आणि लांब लाल पायांचे शेकाटे पाण्यात उभे होते. तिथे वारा फिरला आणि मला चिखलाचा वास आला. आंबूस, खारट, ओहोटीचा वास. मला इतकं घर आठवलं की डोळ्यांत पाणी आलं. फिझाने बघितलं आणि लगेच विचारलं, "अम्मी, गुडघा का?"

"गुडघाच," मी म्हटलं.

तिसऱ्या तळ्याशी वाट संपली. पुढे पाण्यापर्यंत नुसतं पांढरं पटांगण होतं, वरून मिठाने कडक झालेलं, बघणाऱ्याला वाटावं सिमेंटच ओतलंय. वाट संपते तिथे फलक होता. पुढे जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं अबरारने आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि सूचनांचं महत्त्व यावर दोन मिनिटं बोलला. तेवढ्यात झाराला पलीकडे फ्लेमिंगो दिसले. पन्नास-साठ तरी होते.

"बाबा, आय नीड अ क्लोज-अप. फोन झूम इज सो बॅड."

सेफ्टी ऑफिसर फलकाकडे बघेना. "दोन मिनिटांत आलो," तो म्हणाला.

"अबरार," मी म्हटलं, "ती जमीन नाही."

"अम्मी, साइटवर रोज सॉइल बघतो मी. सरफेस हार्ड आहे. रिलॅक्स."

बारा पावलं गेला. तेराव्याला पापुद्रा फुटला आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो उपसायला त्याने दुसऱ्या पायावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत गेला. फ्लेमिंगो उठले आणि आमच्या डोक्यावरून निघून गेले.

फिझा आधी हसली. झाराने विचारलं, "बाबा, कॅन आय टेक युवर पिक्चर?" मग त्याने बाहेर यायला आणखी दोन-तीन हिसके मारले आणि प्रत्येक हिसक्याला तो थोडा थोडा खाली गेला. फिझाचं हसू गेलं. तिने फोन काढला. "पोलिसांना, नऊशे नव्व्याण्णवला लावते."

"नको, फिझा, नको," तो ओरडला. "कंपनीत कळलं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"मग मी येते, हात दे," म्हणत तिने चपला काढल्या.

मी अबरारच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोंडाने कंपनीचं बोलत होता, पण तो घाबरला होता. बेचाळीस वर्षांचा बाप्या, ओठ आवळून माझ्याकडे बघत होता. सुनेने एक पाऊल टाकलं असतं तर ते दोघं रुतले असते, आणि काठावर उरली असती एक नऊ वर्षांची पोर आणि खुर्चीत बसलेली मी. मलाही भीती वाटली. पण मला त्या चिखलाचं सगळं कळत होतं, आणि तिथे ते कळणारी मी एकटीच होते.

"फिझा, मागे हो," मी म्हटलं आणि उठले.

सलवार गुडघ्यापर्यंत खोचली. जेवायला बसायला आणलेली प्लॅस्टिकची चटई खुर्चीमागे अडकवली होती, ती काखेत मारली. चिखलात पाय उचलून टाकायचा नसतो, सरकवायचा असतो, आणि एका जागी थांबायचं नसतं. गार चिखल बोटांमधून वर आला तेव्हा इतकं बरं वाटलं की खरं सांगते, मुलाला वाचवायला चालले आहे हे मी दोन क्षण विसरले.

"अम्मी, तू..." अबरार म्हणाला.

"बोलू नको. मागे रेल."

"मागे चिखल आहे."

"पुढे काय गालिचा आहे? बस खाली. पाठ टेकव."

मी त्याच्या पाठीमागे चटई अंथरली. तो तिच्यावर कसाबसा उताणा झाला. "आता पाय वर ओढू नको. आतल्या आत हलव, हळू. पाणी आत शिरू दे." साइटवरची माती रोज बघणारा माझा मुलगा निमूटपणे पाय हलवत पडून राहिला. मी चटईच्या कडेला गुडघे टेकले, हो, तेच गुडघे, आणि त्याच्या काखेत हात घालून मागे ओढलं. एक पाय सुटला. दुसरा सुटला तो बुटाविना. मग आम्ही दोघं चटई पुढे पुढे सरकवत, हातापायांवर रांगत काठाला आलो.

झारा माझ्या पायांकडे बघत होती.

"दादी, यू कॅन वॉक."

"हो."

"सिन्स व्हेन?"

"वर्षाची झाले तेव्हापासून."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी अबरारसमोर वाळूत बसले आणि ताजबीपासून सगळं सांगितलं. रांग, फॉर्म, त्याचं रडणं, माझा सुस्कारा. "लाज वाटते मला," मी म्हटलं. "पण माझं घर जातंय, म्हणून सांगते. मी धडधाकट आहे."

अबरार पायाचा चिखल काडीने खरवडत होता. त्याने मान वर केली नाही. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू पडशील म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. दुसऱ्याच आठवड्यात कळलं. चाळीस फेऱ्या मारतेस. फास्ट मारतेस."

मी फिझाकडे बघितलं. ती फार मन लावून बाटलीतल्या पाण्याने चटई धुवायला लागली होती.

"आणि तरी मला ढकलत फिरवलंस? या खड्यांवरून?"

"गुडघे बरे आहेत असं म्हटलं असतं तर तू गेली असतीस," तो म्हणाला. "तीन वर्षांनी आली होतीस, अम्मी."

मला राग आला. इतका की दोन लगावाव्यात. माझ्या खोट्यापेक्षा त्याचं खोटं मोठं होतं, त्यात भाडेकरूसुद्धा होते. आणि त्याच वेळी आतून बरंही वाटलं, त्याला मी काय करू? मला ठेवून घ्यायला कोणीतरी एवढी लबाडी करतंय, हे या वयात रोज वाट्याला येत नाही.

"तिकडे एकटी काय करणार तू?" त्याने विचारलं.

"आत्ता केलं तेच," मी म्हटलं. "वलीला फोन लाव."

त्याने चिखलाच्या हाताने फोन लावला. किल्ली द्यायची नाही, मास्तरांना नाही म्हणून कळवा, असं वलीला सांगितलं. वली काहीतरी विचारत होता. "नाही चाचा, तब्येत उत्तम आहे," अबरार म्हणाला. फोन ठेवला तरी तो स्क्रीनकडेच बघत बसला. मग त्याने विमानाची तिकिटं उघडली.

"नुसतं जायचं काढू," त्याने विचारलं, "की परतीचंही?"

विचारताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"परतीचंही काढ," मी म्हटलं. "पण तारीख मी सांगेन."