एस्तेरबाईंची बौद्धवाडी

"पिशवी हितंच ठेवा, बाय. मान्सानं आत यावं, पुस्तकांनी नाय."

हैबती वाडीच्या तोंडाशी चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता. आवाजात राग नव्हता. पलटणीत पंधरा वर्षं काढून आलेला माणूस. पहाऱ्यावरच्या शिपायानं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

एस्तेरबाई थबकल्या. दर बुधवारी पोलादपुराहून सावित्रीच्या काठानं दीड कोस चालत त्या इथं येत. तीन वर्षांत त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

"हैबतराव, मी काय आज पहिल्यांदा येतेय का महारवाड्यात?"

"महारवाडा गेला," हैबती म्हणाला. "बौद्धवाडी म्हना."

सत्तावन्न सालचा फाल्गुन होता. बाबासाहेबांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि वाडीनं दीक्षा घेऊन महिनाही झाला नव्हता. घराघरातले देव टोपलीत भरून लोकांनी सावित्रीच्या डोहात सोडले होते. एस्तेरबाईंनी हे ऐकलं होतं. तरी जिभेवर जुनंच नाव आलं होतं. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवून चिंचेच्या मुळाशी ठेवली. आत शुभवर्तमानाच्या गुलाबी, हिरव्या कव्हरांच्या पातळ पुस्तिका होत्या.

"चुकले," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या हातांनी आत गेल्या.

एस्तेरबाई मिशनच्या बायबल-बाई होत्या. घरोघर जायचं, बायकांना येशूच्या गोष्टी वाचून दाखवायच्या, प्रार्थना करायची, आणि किती बायकांनी ऐकलं, किती जणी बाप्तिस्म्याच्या वाटेवर आहेत, हे दर तीन महिन्यांनी नगरला कळवायचं, हे त्यांचं काम. नेवाशाकडच्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मिशननं शिकवलं, पाठवलं तिथं त्या गेल्या. पोलादपुरात त्यांना खोली मिळेना, कारण प्रत्येक घरमालक आधी जात विचारी आणि 'ख्रिस्ती' एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नसे. शेवटी इस्माईलभाईंच्या बायकोनं, हफिजानं, आपल्या घरामागची खोली दिली. सगळ्या गावात ख्रिस्ती माणूस त्या एकट्याच.

त्या दिवशी राहीबाईच्या ओटीवर त्या बसल्या खऱ्या, पण हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. एरवी हातात पुस्तक असायचं. राहीबाई हैबतीची थोरली बहीण, विधवा, वाडीतल्या बायकांत तिचा शब्द चाले. तिनं पाणी दिलं. शेजारपाजारच्या सात-आठ जणी नेहमीप्रमाणे येऊन बसल्या. बोलणं भाताच्या भावावर गेलं, कुणाच्या तरी गाभण शेळीवर गेलं, आणि थांबलं.

मग हैबतीची सून रखमा आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता. त्यानं बुद्धवंदनेची छोटी पुस्तिका धाडली होती. शिमग्याला आला की तो वाचून दाखवणार होता, पण शिमगा झाला आणि त्याला रजा मिळाली नाही. वाडीत दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. हैबतीला सही येत होती, तेवढीच. तीन आठवडे ती पुस्तिका फडक्यात होती. बायका रोज तिच्यापुढं दिवा लावीत आणि गप्प बसून राहत, कारण म्हणायचं काय ते ठाऊक नव्हतं.

"तुमाला वाचता येतं," रखमा खाली बघत म्हणाली.

तेवढ्यात हैबती आत आला. त्यांचा धर्म निराळा, त्यांना कशाला गळ घालता, असं तो बायकांना म्हणाला. राहीबाईनं त्याच्याकडं मानही वळवली नाही. "मंग तू वाचतोस?" एवढंच विचारलं. हैबती खांबाशी बसला.

एस्तेरबाईंनी पुस्तिका उघडली. पहिल्या ओळी पाली भाषेतल्या होत्या. अक्षरं ओळखीची, शब्द अनोळखी. पोर पहिल्यांदा जोडाक्षर वाचतं तशा त्या अडखळत वाचू लागल्या. पुढं मराठीतला अर्थ आला, आणि 'शरण' या शब्दाशी त्यांचा आवाज थांबला. हा शब्द त्या आयुष्यभर एकाच नावाला जोडून म्हणत आल्या होत्या. पुढचं वाचलं तर त्यांच्याच तोंडून ते निघणार होतं. ओटीवर सगळ्या जणी वाट बघत होत्या. त्यांची अडचण प्रत्येकीला कळली होती, म्हणून कुणी घाई केली नाही.

"हे बघा," एस्तेरबाई शेवटी म्हणाल्या, "वाचणार मी. पण म्हणायचं तुम्ही. माझं ते म्हणणं नव्हे."

"बरोबर हाय," खांबापासून हैबती म्हणाला. "तुमी नुस्ता आवाज द्या."

त्यांनी आवाज दिला. एकेक ओळ त्यांनी वाचायची आणि बायकांनी मागून म्हणायची. दुसऱ्यांदा वाचताना राहीबाईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तरी तिचं म्हणणं काही थांबलं नाही.

निघताना राहीबाई वाडीच्या टोकापर्यंत आली. तिनं विचारलं, "बाय, तुमी आदी कोन?" हा प्रश्न एस्तेरबाईंना कोकणात आल्यापासून शंभरदा विचारला गेला होता, आणि शंभरदा त्यांनी 'ख्रिस्ती' असं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आम्हीही महारच. आजा मोठ्या दुष्काळात ख्रिस्ती झाला."

"मंग आमच्याच की," राहीबाई म्हणाली.

चिंचेखाली पिशवी होती तिथंच होती. वरून पाचोळा पडू नये म्हणून हैबतीनं तिच्यावर आपलं उपरणं टाकलं होतं.

त्या महिन्यात नगरहून पाद्री शिनगारे महाडला आले. एस्तेरबाईंनी त्यांना सगळं आपणहून सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं, आणि मनावर ओझंही होतं. पाद्री कठोर माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की बाई, तुम्हाला तिथं कशासाठी पाठवलंय? पुन्हा ते वाचायचं नाही, असं पाद्रींनी सांगितलं. एस्तेरबाईंनी मान डोलावली. खुर्चीवरून उठता उठता त्या म्हणाल्या, "साहेब, वाचणार नाही. पण अक्षरं शिकवू का त्यांना?"

पाद्रींनी चष्मा काढून पुसला. शिकल्यावर त्या बायका पहिल्यांदा काय वाचतील हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अक्षरं शिकवायला कोण नको म्हणेल?" ते म्हणाले.

पुढच्या बुधवारपासून राहीबाईच्या ओटीवर दुपारी शाळा सुरू झाली. पाट्या नव्हत्या. सारवलेल्या जमिनीवर एस्तेरबाई खडूनं लिहीत, बायका त्यावर बोट फिरवीत. दर आठ दिवसांनी ओटी सारवली की अक्षरं जात, पुन्हा लिहावी लागत. राहीबाईचं नाव तिच्या हातून पहिल्यांदा उमटलं तेव्हा तिनं तो कोपरा सारवायचा नाही असं ठरवलं. महिनाभर तो तसाच राहिला, मग कोंबड्यांनी उकरला. त्यावर ती म्हणाली की हरकत नाय, आता परत लिवता येतं.

सगळ्या जणी काही शिकल्या नाहीत. दोघींना 'क' आणि 'फ' यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. एकीला दिसतच नव्हतं. पण चौघी वाचायला लागल्या, आणि त्यांत रखमा सगळ्यांच्या पुढं होती. अठ्ठावन्न सालच्या बुद्धपौर्णिमेला वाडीनं मांडव घातला. मुंबईहून चाकरमानी आले, पलीकडच्या वाड्यांतली माणसं आली. रखमानं सगळ्यांपुढं उभं राहून सगळी पुस्तिका वाचली. एस्तेरबाई मांडवाच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेत बसल्या होत्या. हैबतीनं त्यांना उठवून राहीबाईशेजारी पुढं बसवलं. एका जोडाक्षरापाशी रखमाची जीभ अडली. तिनं एस्तेरबाईंकडं पाहिलं. त्यांनी आवाज न करता ओठ हलवले, आणि रखमा पुढं गेली.

अहवालात 'बाप्तिस्म्याच्या वाटेवर' या शब्दांपुढं त्या वर्षीही शून्य होतं. पुढच्या वर्षीही. एस्तेरबाईंनी येशूच्या गोष्टी सांगणं सोडलं नव्हतं. शिकवून झालं की त्या हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत, आणि बायकांना ती आवडायची. मेंढरू सापडलं की राहीबाई दर वेळी समाधानानं मान हलवी. पण प्रार्थनेला डोळे मिटले की एकेक जण उठे. कुणाला पाणी भरायचं असे, कुणाची भाकरी तव्यावर असे. डोळे उघडले की समोर रिकामी ओटी. एस्तेरबाईंना वाईट वाटे, पण राग येत नसे. त्या लोकांनी एक धर्म आपल्या पायांनी सोडला होता आणि दुसरा आपल्या डोक्यानं निवडला होता. सत्तावीस साली महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांत तरणा हैबती होता. तिथून नवा धर्म घेईपर्यंतची तीस वर्षं तो चालतच आला होता. अशा माणसाला आपण कुठली वाट दाखवायची, असं त्यांना कधी कधी वाटून जाई, आणि मग असं वाटल्याबद्दल त्या देवाची क्षमा मागत.

एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात नगरहून पत्र आलं. पोलादपूरचं काम नव्या वर्षापासून बंद होत होतं. एस्तेरबाईंचं वयही झालं होतं. नगरला विधवांच्या आश्रमात त्यांची सोय केली होती. पत्रात त्यांच्या सेवेबद्दल आभार होते आणि फळाबद्दल काही नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. बुधवारी वाडीत सांगितलं. रखमा आत निघून गेली. हैबतीनं फक्त विचारलं, "कंदी जानार?" त्या म्हणाल्या, नाताळ झाला की.

दरवर्षी नाताळाला त्या महाडला प्रार्थनेसाठी जात. त्या वर्षी आदल्या आठवड्यात ताप भरला होता आणि एसटीचा धक्का सोसवेना. खोलीतच त्यांनी एकट्यानं बायबल उघडलं. ऊन अंगणात आलं होतं. तेवढ्यात हफिजा धावत आली, म्हणाली, बाई, तुमच्याकडं पुष्कळ लोक येतायत.

अकरा जण होते. पुढं हैबती, स्वच्छ धोतर आणि पलटणीतला जुना कोट घातलेला. मागं राहीबाई, रखमा आणि बाकीच्या. राहीबाईच्या डोक्यावर पाटी होती, तिच्यात नव्या तांदळाच्या भाकऱ्या आणि गुळाचा खडा. खोलीत सगळे मावेनात, म्हणून अंगणात हफिजानं चटया टाकल्या आणि आपल्या घरातले सगळे कप काढून दिले. कप अकराच निघाले. एस्तेरबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि आपण नुसत्याच बसल्या.

मग हैबतीनं घसा साफ केला.

"आज तुमचा सन हाय. तुमी तुमची प्रार्थना म्हना. आमी मान नाय झुकवनार, खोटं कशाला बोला. पन बसू. संपस्तवर बसू."

एस्तेरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. या माणसांसाठी सात वर्षं रोज सकाळी त्यांनी एकच मागणं मागितलं होतं: बापा, यांची मनं वळव. आज ही सगळी माणसं समोर बसली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि ते मागणं आलंच नाही. नावं आली. राहीबाई. हैबती. रखमा. मग ज्यांना 'क' आणि 'फ' कळला नाही त्या दोघी, जिला दिसत नव्हतं ती ठमाबाई. एकेक नाव घेऊन त्या देवाचे आभार मानत गेल्या. हफिजाचं नाव घेतलं. पाणी दिल्याबद्दल, चटई टाकल्याबद्दल, दर बुधवारी वाट बघितल्याबद्दल आभार मानले. प्रभू येशूच्या नावानं म्हणाल्या आणि आमेन म्हणाल्या.

आमेन त्यांनी एकट्यांनीच म्हटलं. डोळे उघडले तेव्हा अकराही जण चटईवर होते. कुणीही उठलं नव्हतं.

त्या खाली बसल्या. राहीबाई सरकून शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "आमची समद्यांची नावं कशी ध्यानात ऱ्हायली गो तुमच्या?"

"रोज घेते," एस्तेरबाई म्हणाल्या.

चहा निवत चालला होता. राहीबाईनं आपल्या कपातला अर्धा बशीत ओतला आणि कप एस्तेरबाईंच्या हातात दिला. मग दोघी, एक बशीनं आणि एक कपानं, शेजारी शेजारी चहा पीत बसल्या.